वडिलांनी प्रोस्टेट कर्करोगाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हावे का?

प्रश्न :
माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पसरला असून हार्मोनची इंजेक्शने चालू असतानाही त्यांचे पीएसए (या आजाराचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन) पुन्हा वाढू लागले आहे. डॉक्टरांनी तिसऱ्या टप्प्यातील एक ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची प्रचलित उपचारांशी तुलना करणारी रुग्णांवरील चाचणी, सुचवली आहे. नवे औषध कोणाला मिळणार हे संगणक ठरवतो, हे ऐकल्यापासून आई अस्वस्थ आहे. बाबांच्या वाट्याला औषध नसलेली गोळी आली आणि तेवढ्यात आजार बळावला तर काय, हा तिचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
मी कर्करोग विभागात ट्रायल समन्वयक म्हणून काम करते. आपल्या आईंची भीती रास्त आहे, पण परिणामकारक उपचार उपलब्ध असताना रुग्णाला नुसत्या निष्क्रिय गोळीवर ठेवण्यास नीतिशास्त्र समिती परवानगी देत नाही; तशी गोळी दिलीच, तर ती प्रचलित उपचारांच्या जोडीला असते. मात्र हे प्रचलित उपचार नेमके कोणते, हे संमतिपत्रात वाचल्याशिवाय सही करू नये. ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाच्या व्हिजन ट्रायलमध्ये तुलनेच्या गटाला (नवे औषध न मिळालेल्या रुग्णांना) केमोथेरपी घेण्याची मुभा नव्हती आणि सुरुवातीला त्या गटातील अनेक रुग्ण बाहेर पडले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्या काळापर्यंत हयात होते तो काळ) त्या गटात ११.३ महिने, तर नवे औषध मिळालेल्या गटात १५.३ महिने होते. म्हणून 'दुसऱ्या गटाला काय मिळणार, आणि ट्रायलबाहेर राहिल्यास बाबांना काय मिळाले असते?' हे दोन प्रश्न डॉक्टरांना एकत्रच विचारा.

उत्तर २ :
मी स्वतः रुग्ण आहे आणि एका ट्रायलमध्ये तुलनेच्या गटात होतो. माझ्यावरचे उपचार थांबले नाहीत. उलट रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन अधिक काटेकोरपणे झाले, अर्थात त्यासाठीच्या फेऱ्यांनी थकवाही आला. नवे म्हणजे चांगलेच असे गृहीत धरू नये, हे आवर्जून सांगतो. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या स्टॅम्पीड ट्रायलमध्ये हार्मोन उपचारांच्या जोडीला डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध, आणि पुढे ॲबिरॅटेरोन ही पुरुषी हार्मोन रोखणारी गोळी, दिल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले. त्याच ट्रायलमध्ये सेलेकॉक्सिब या वेदनाशामक औषधाचा उपयोग होत नाही असे दिसताच ते वेळीच थांबवण्यात आले. प्रोस्टेटचा कर्करोग टाळता येतो का हे तपासणाऱ्या सिलेक्ट अभ्यासात तर ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. कोणता गट सरस ठरेल हे आधी माहीत असते, तर ट्रायलची गरजच पडली नसती.

उत्तर ३ :
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. सही केल्यावरही बाबा कधीही, कारण न सांगता, बाहेर पडू शकतात आणि त्यामुळे त्यांचे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे आईंना अवश्य सांगा. बीआरसीए जनुकांची (ज्यांतील दोषामुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो) तपासणी झाली नसेल तर तिच्याबद्दल आताच विचारा, कारण काही औषधे आणि काही ट्रायल त्या निकालावर अवलंबून असतात. शिवाय एखादे औषध आधी घेतलेले असल्यास पुढच्या ट्रायलसाठी रुग्ण अपात्र ठरू शकतो, त्यामुळे उपचारांचा क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या. संमतिपत्र घरी आणून सावकाश वाचण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.