घरकुल मंजूर आहे, पण बांधायचं कुठे? जागा देणं ग्रामपंचायतीचं काम नाही का?

कोरडवाहू
आमच्या गावात प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत नाव येऊनही पाया न पडलेली सात घरकुलं आहेत. सातही कुटुंबं भूमिहीन. त्यातल्या एका मावशींकडे परवा गेलो होतो. ओढ्याकाठी पत्र्याचं शेड, पत्रा उडू नये म्हणून वर दगड आणि जुने टायर. मंजुरीचं पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मेढीला बांधून ठेवलंय. खातं आहे, आधार जोडलेलं आहे. नमुना आठचा उतारा, म्हणजे पंचायतीच्या घर-जागेच्या नोंदीचा कागद, तेवढा नाही, कारण त्यांच्या नावावर वीतभर जागा नाही.

घरकुलाची चर्चा कायम पैशांवर येऊन थांबते. 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, वर रोहयोची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. पण हे सगळं ज्याच्याकडे जागा आहे त्याला. जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, आधी 50 हजार मिळायचे, आता 1 लाखापर्यंत. रस्त्याकडेच्या गावात आज एवढ्यात कोण जागा देतो? आणि मजुराला विकायला तर मालक आधीच का-कू करतात.

माझं म्हणणं असं की गावठाणालगतची सरकारी जमीन शोधायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, गावठाण विस्ताराचा प्रस्ताव पाठवायचा आणि त्याचा पाठपुरावा करायचा, हे ग्रामपंचायतीनेच केलं पाहिजे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत ग्रामीण गृहनिर्माण आहे. मग पंचायतीने नुसते दाखले का द्यायचे?

माजी सरपंच
दादा, कळकळ समजते. पण मी पाच वर्षं त्या खुर्चीत बसलोय. गायरान पंचायतीच्या मालकीचं नसतं. मालकी सरकारची, पंचायतीकडे फक्त देखरेख. ठराव आपण एका दिवसात करतो. पुढे फाईल पंचायत समिती, तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी अशी फिरते. मी पाठवलेला प्रस्ताव दोनदा त्रुटी काढून परत आला आणि माझी मुदत संपली. लोकांनी मात्र मलाच धरलं.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2011 चा निकाल आहे, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून. आणि गायरान म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे. शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी घरं त्याच गावात आहेत. एका गरिबाला घर देताना दुसऱ्याची चराई काढून घ्यायची का?

कोरडवाहू
सरपंच, त्याच निकालात अपवादही आहे. सरकारच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिलेली असेल, तर नियमित करता येतं असं त्यात म्हटलंय. अतिक्रमण करू द्या असं मी म्हणतच नाही. रीतसर वाटप करा, तेही घरापुरतं. केंद्राच्या नियमात घर किमान 25 चौरस मीटरचं. अंगण धरून सात घरांना अर्धा एकरसुद्धा लागणार नाही. त्याने चराई बुडत नाही.

ऊसतोडकऱ्याची लेक
मी दोघांच्याही विरुद्ध बोलणार आहे. पंचायतीच्या हातात आणखी अधिकार नकोतच!

प्रपत्र ड ची यादी आठवते का, आधी सुटलेल्या घरकुलवाल्यांची? तिच्यासाठीचा आवास प्लस नावाचा सर्व्हे 2018 च्या जानेवारीपासून 2019 च्या मार्चपर्यंत चालला. आमच्या वस्तीवर तो झाला तेव्हा आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. दाराला कुलूप म्हणून नाव नाही. ज्यांचा आधीच स्लॅब होता, त्यांच्या गोठ्याचा फोटो काढून नावं लागली. ते कोणाच्या भावकीतले होते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ग्रामसभेत कोणी बोललं नाही, कारण बोलणाऱ्याला उद्या त्यांच्याच रानात खुरपायला जायचं असतं.

2024 च्या सर्व्हेत स्वतःच्या मोबाईलवरून माहिती भरायची सोय आली. मी भावाच्या फोनवरून आईचं नाव भरलं, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. जागेचंही तसंच करा. तहसीलदाराने थेट द्यावी, मधे सरपंच नको.

तळकोकण
आमच्याकडे दुखणं वेगळं. जागा आहे, पण सातबारावर पस्तीस-चाळीस नावं. निम्मे मुंबईला, काहींचा पत्ताही नाही. घर पडायला आलंय, संमतीपत्रावर एक चुलता सही करत नाही. इथे पंचायतीने मधे पडून सहहिस्सेदारांना एका जागी बसवावं. हे काम ॲपने होणार नाही, तहसीलदारही करणार नाही. सगळ्या घराण्यांची ओळख गावातल्याच माणसाला असते.

गवंडी
जागा मिळाली तरी एवढ्या पैशात स्लॅब पडत नाही. मी घरकुलं बांधतो म्हणून सांगतो. हप्ता येईपर्यंत माणूस सिमेंट उधारीवर आणतो, आणि पुढचा हप्ता दुकानदाराकडेच जातो.

कोरडवाहू
ताई, तुमच्या आईच्या बाबतीत झालं ते मला नाकारता येणार नाही. आमच्याही यादीत असं एक नाव आहे. म्हणून निवड पंचायतीकडे नको, हे मान्य. यादी सर्व्हेतूनच यावी, आणि ग्रामसभेत नाव आणि कारण दोन्ही मोठ्याने वाचून दाखवावं, ती सभाही ऊसतोड कामगार गावी परतल्यावर घ्यावी. पण जागेचं काम तहसीलदारावर सोडलं तर होणार नाही. त्यांच्याकडे शेकडो फायली. ओढ्याला पूर कुठपर्यंत येतो, उन्हाळ्यात कुठली विहीर आटते, कोणत्या कडेला वीज आणि रस्ता लवकर जाईल, हे गावच सांगू शकतं. आज त्या मावशींचं शेड पूररेषेत आहे. उद्या कार्यालयातून नकाशा पाहून तशीच जागा दिली तर?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सात जणांच्या नावांसह विषय देतोय, ग्रामसेवकांकडे लेखी. मावशी स्वतः बोलणार आहेत.

माजी सरपंच
तोंडी विषय घेऊ नकोस, पोच घे. गट नंबर आणि मोजणीचा नकाशा सोबत जोड, माझी फाईल पहिल्यांदा त्यावरच अडली होती. मसुदा मी लिहून देतो. चराईचा पट्टा कुठून कुठपर्यंत राहील ते ठरावातच लिहायचं, नाहीतर माझा विरोध कायम.

ऊसतोडकऱ्याची लेक
आणि सभेचं चित्रीकरण करा. कोण गप्प बसलं तेही दिसू द्या.