मदत हवी आहे: कन्व्हर्जनच्या पेशंटला बेडपॅन द्यायचा की चालवायचं?

तालुक्याच्या गावी फीमेल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मानसोपचाराची पोस्टिंग जीएनएमला (नर्सिंग डिप्लोमा) असताना केली, तेवढीच.

चोवीस वर्षांची बाई, उजवा पाय अचानक गेला म्हणून अ‍ॅडमिट. एमआरआय नॉर्मल. न्यूरोच्या सरांनी तिला उताणं झोपवून उजव्या टाचेखाली हात ठेवला नि टाच दाबायला सांगितली. जमेना. मग डावा पाय उचलायला लावून तो वरून धरून ठेवला, तर उजव्या टाचेने आपोआप जोर दिला! हूव्हर साइन, म्हणजे पायात ताकद आहे, पण मुद्दाम लावायला गेलं की लागत नाही. पुस्तकात वाचलेली, प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिली. निदान कन्व्हर्जन, हल्ली फंक्शनल म्हणतात ते: नसेला इजा नसते, तरी अवयव खरंच चालत नाही.

झालं, वॉर्डभर 'नाटक आहे'. मावशी पॅन द्यायला कुरकुरतात. एका सिस्टरने चिमटा काढून पाहिला, वळ उठला. सासूबाई तर रोज ऐकवतात.

मला ढोंग वाटत नाही. परवा पडद्याआड सलाईन लावत होते, मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तरी पाय तसाच फरफटत खाटेला धरून सरकत होती. पण पहाटेच्या राउंडला बघितलं तर झोपेत तोच पाय पोटाशी घेतलेला. हे तिला सांगावं का?

पुस्तक म्हणतं, लक्षणाकडे नाही, पेशंटकडे लक्ष द्या. छान. पण लघवीला लागली म्हणून बेल वाजवली तर? पॅन दिला तर लाड, नाही दिला तर पडायची भीती.

प्रतिसाद

ताई, मानसोपचार वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहिते. पॅन एकदम काढू नका. आधी खाटेशेजारी कमोड खुर्ची, मग वॉकर, सोबत एक जण. आणि बेल वाजायची वाट बघू नका, ठरल्या वेळी आपणच जा. मग तुमचं येणं तिच्या पायावर अवलंबून राहत नाही.

झोपेतलं सरांना सांगा. तिला सांगायचं तर 'पकडलं' असा सूर नको. 'नस शाबूत आहे, पाय परत चालू शकतो' असं. चिमटे बंद. नोट्समध्ये 'नाटक' नाही, दिसलं तेवढंच. आणि नवीन काही झालं, ताप, लघवी अडकणं, तर 'तिचं नेहमीचंच' म्हणून सोडू नका. अशा पेशंटला दुसरा आजारही होतो.

धागाकर्ती

खुर्ची आजच लावते. वॉकर वॉर्डात एकच, तोही ऑर्थोवाल्यांनी नेलाय. सासूबाईंशी काय बोलायचं, तेही लिहाल का?