मदत हवी आहे: भाची इंदूरहून मेलबर्नला, बास्केटबॉलचं पुढे काय?

मंडळी नमस्कार. माझी भाची सोळा पूर्ण, रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर वाढलेली, मध्य प्रदेशकडून ज्युनिअर खेळते. भाऊजींची नोकरी मेलबर्नला लागली, सगळं घरच निघालंय. तिकडे क्लबमध्ये खेळायचं म्हणतेय.

फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघ) नियमांनी देश बदलताना लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या देशाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र लागतं आणि अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना सहसा परवानगीच नाही. आईवडील खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने गेले असतील तर सवलत मिळते. आमचं प्रकरण त्यात बसतं, पण पुरावा म्हणून नेमकी कोणती कागदपत्रं जोडायची? आणि भारतीय महासंघाचं पत्र यायला किती वेळ लागतो?

खरी काळजी वेगळीच आहे. सतराव्या वाढदिवसानंतर फिबाच्या मुख्य स्पर्धेत ती भारताकडून उतरली, तर पुढे नागरिकत्व बदललं तरी दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही. नागरिकत्व सोळानंतर मिळालं तर संघात अशा एकाच खेळाडूला जागा. पोरगी म्हणते, पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, मलाही भारताचीच जर्सी हवी. मला तिचंच पटतं. ताई मात्र धास्तावलीय.

बास्केटबॉलपटू गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळूनही भारतासाठी खेळली. म्हणजे परदेशी क्लब आणि भारतीय संघ, दोन्ही जमतं. पण शिबिराला बोलावणं आलं की तिकडचे क्लब सोडतात का?

कुणाच्या घरातलं मूल यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. तिकिटं जूनची आहेत.