प्रति: पोटासाठी आलेले आणि जिवासाठी आलेले

‘मेक्सिकोत आश्रय मागणाऱ्यांना खरं तर अमेरिकेलाच जायचं असतं, अर्ज हा नुसता बहाणा’ हे वर आलेलं मत मला पटत नाही. काहींचं तसं असेलही. पण मेक्सिकोच्या ज्या राज्यात अर्ज केला, ते राज्य निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय सोडता येत नाही. ग्वातेमालाच्या सीमेलगतचं तापाचुला शहर त्यामुळेच माणसांनी तुंबतं. दर आठवड्याला कार्यालयात हजेरीची सही. सलग दोन आठवडे चुकली की अर्ज सोडला असं धरतात. पोर तापानं फणफणलेलं असलं तरी आई रांगेत उभी!

आणि टोळीच्या खंडणीपायी दुकान बंद करून होंडुरासहून पळालेला माणूस पोटासाठी आला की जिवासाठी? मेक्सिकोचा २०११चा कायदा सार्वत्रिक हिंसाचारामुळे जीव धोक्यात आलेल्यांनाही निर्वासित मानतो. ही व्याख्या निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारापेक्षा व्यापक आहे.