दिव्या अग्रवालची वाटचाल : कर्तृत्व मानायचे की खासगी आयुष्याचा व्यवहार?

मूळ मत (अक्कलकोट रोड, सोलापूर)

माझी भाची प्रेमाच्या जोड्या जुळवणाऱ्या एका रिॲलिटी शोसाठी ऑडिशनचा व्हिडिओ तयार करत आहे. शेजारीच यंत्रमागाचा कारखाना असल्यामुळे मागांची खटखट रेकॉर्डिंगमध्ये येते. म्हणून वीज जाऊन माग थांबले की ती चादरींच्या गठ्ठ्याला मोबाइल टेकवून उभी राहते आणि वीज परत येईपर्यंत तीच चार वाक्ये पुन्हा पुन्हा बोलते. यावरून घरात वाद झाला, तेव्हा तिने दिव्या अग्रवालचे उदाहरण दिले. त्यावर मी शांतपणे विचार केला आणि माझे मत तिच्या बाजूने झुकले.

नवी मुंबईची, नृत्य शिकवणारी दिव्या २०१७ मध्ये जोड्या जुळवणाऱ्या ‘स्प्लिट्सव्हिला’ या रिॲलिटी शोच्या दहाव्या पर्वात आली, तेथे प्रियांक शर्माशी तिचे नाते जुळले आणि त्याच्यासह ती उपविजेती ठरली. त्याच वर्षी प्रियांक ‘बिग बॉस’च्या अकराव्या पर्वात गेला, तेथे एका सहस्पर्धक मुलीशी वाढलेली त्याची जवळीक घराघरांत पाहिली गेली, आणि शेवटी दिव्याने स्वतः त्या घरात जाऊन कॅमेऱ्यांसमोर ते नाते संपवले. एरवी अशा मुलीची ओळख ‘फसवली गेलेली’ एवढीच उरते. दिव्याने मात्र २०१८ मध्ये ‘एस ऑफ स्पेस’ हा रिॲलिटी शो जिंकला आणि २०२१ मध्ये ‘बिग बॉस ओटीटी’च्या पहिल्या पर्वात विजेती होऊन २५ लाख रुपये मिळवले. त्याच वर्षी ‘कार्टेल’ या वेब मालिकेत तिने भूमिकाही केली. मी याला कर्तृत्व म्हणते.

प्रतिसाद (नवी पेठ)

ताई, आपली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातील अकलूजच्या रिंकू राजगुरूला ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो अभिनयासाठी. भूमिका संपली की ती मुलगी आपल्या घरी परत येऊ शकत होती. दिव्याच्या बाबतीत नाते हाच कार्यक्रम होता आणि ते तुटणे हाही कार्यक्रमच झाला. पुढे ‘एस ऑफ स्पेस’मध्ये भेटलेल्या वरुण सूदपासून २०२२ मध्ये ती वेगळी झाली, तेव्हा तेही तिला समाजमाध्यमावर जाहीर करावे लागले आणि परक्या माणसांनी तिच्याकडे कारणे मागितली. ज्या व्यवसायात दुःखाचाही खुलासा द्यावा लागतो, त्या व्यवसायात आपल्या लेकीने जावे असे मला वाटत नाही.

ब्रिटनमध्ये ‘लव्ह आयलंड’ या अशाच जोड्या जुळवणाऱ्या शोच्या दोन माजी स्पर्धकांचा, सोफी ग्रेडनचा २०१८ मध्ये आणि माइक थॅलसिटिसचा २०१९ मध्ये, अकाली मृत्यू झाला. त्यानंतर मोठी टीका झाली आणि २०१९ मध्ये वाहिनीने स्पर्धकांना किमान आठ समुपदेशन सत्रे, तसेच समाजमाध्यमे आणि पैशांचे व्यवहार यांबाबत मार्गदर्शन देण्याचे जाहीर केले. या व्यवस्थेची गरज पडली, यावरूनच त्या ताणाची कल्पना यावी.

प्रतिसाद (जुळे सोलापूर)

दादा, ताण खरा आहे, पण तो केवळ कॅमेऱ्यामुळे येतो असे मी मानत नाही. माझे पाहण्याचे अकरा कार्यक्रम झाले. प्रत्येक वेळी पोह्यांची ताटली हातात घेऊन मी अनोळखी माणसांसमोर गेले, चालून दाखवले, रंगाविषयी बोलणे ऐकले, आणि नकार आला तो मध्यस्थांमार्फत, कारणाशिवाय. त्या बैठकीत मला कोणी प्रश्न विचारू दिला नाही, मग ‘मला हा मुलगा नको’ असे तोंडावर सांगणे तर दूरच. दिव्याने ते देशासमोर सांगितले आणि पुढे २०२४ मध्ये अपूर्व पाडगावकर यांच्याशी स्वतःच्या पसंतीने लग्न केले. तिच्या धैर्याला व्यवहार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नवी पेठ

आपला अनुभव वाचून वाईट वाटले आणि ती पद्धत चुकीचीच आहे. तरीही त्या बैठकीतले दहा जण ती विसरले असतील. व्हिडिओ विसरला जात नाही. शिवाय अपयश आले तर दिव्याकडे नृत्याचे वर्ग होते, मुंबईत ओळखी होत्या. आपल्या गावातील मुलगी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत आल्यावर तिच्या हाती काय असेल, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद (सात रस्ता, व्यवसाय वकिली)

दोन्ही बाजूंनी मुलीच्या स्वभावाचा विचार झाला, कराराचा कोणीच केला नाही. निवड झालीच, तर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : चित्रीकरणाचे संकलन कोणाच्या हाती आहे, मध्येच बाहेर पडल्यास दंड किती, किती काळ इतरत्र काम करण्यास मनाई आहे, आणि समुपदेशनाचा खर्च कोण करणार. पडद्यावर दिसणारी स्पर्धक ही संकलनातून घडलेली असते. तासन्‌तास बोललेल्यातले दोन कटू शब्दच दाखवले गेले, तर त्यावर तिला हरकत घेता येईल का, हे कागदावर असले पाहिजे. मराठीत समजावून सांगणारे कोणी शेजारी बसल्याशिवाय तिने सही करू नये.

मूळ मत मांडणारी

नवी पेठेतील दादांचा शेवटचा प्रश्न मी भाचीला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मावशी, बी.कॉम.चे शेवटचे वर्ष मी सोडणार नाही.” माझे मत बदललेले नाही, मात्र व्हिडिओ आता परीक्षेनंतर पाठवायचा असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. वकीलसाहेब, निवड होऊन करार हाती आला, तर तो घेऊन आम्ही आपल्याकडे येऊ.

सात रस्ता

अवश्य या. येताना सगळी पाने आणा, केवळ सहीचे पान नको.