डब्यात नावडती भाजी देणं मी बंद केलंय

वारज्याची_आई

मुलगा दुसरीत. सव्वाआठला व्हॅन येते. दोन डबे लागतात: छोट्या सुट्टीला कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीला पोळीभाजी. जूनमध्ये शाळेनं तक्ता हातात दिला. सोमवारी फळभाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी पालेभाजी, गुरुवारी पराठा आणि शुक्रवारी 'मुलांच्या आवडीचं'. म्हणजे उरलेले चार दिवस नावडीचं, हे शाळेनंच कबूल केलं म्हणायचं.

दिवाळीपर्यंत तक्ता इमानेइतबारे पाळला. रोज डबा उघडावा तर भाजी जशीच्या तशी, पोळीच्या कडा तेवढ्या कुरतडलेल्या, आणि पोरगा भुकेनं रडकुंडीला आलेला. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर दप्तरात बसलेल्या मेथीला काय वास येतो, ते ज्यानं डबा घासलाय त्यालाच ठाऊक.

आता तूप-गूळ लावून पोळीची गुंडाळी, दाण्याची चटणी-पोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, नाहीतर हाताच्या पंजाएवढी भाजणीची थालीपिठं देते. फोडणीची पोळी असेल तर डबा चाटूनपुसून येतो. भाजी रात्री घरी, माझ्यासमोर. डबा भूक भागवायला असतो, चव शिकवायला नाही. वीस मिनिटांच्या सुट्टीत, त्या गलक्यात, शेजारी कुणाच्या तरी डब्यात नूडल्स असताना माझ्या मुलानं गवारीवर प्रेम करावं ही अपेक्षा मी सोडली.

सदाशिवपेठी_आजी

सोडली म्हणजे हरलीस, बाई. माझ्या भाच्याला चौथीपर्यंत रोज तूप-साखर-पोळी. 'उपाशी राहायला नको' हेच कारण. आज तो नववीत आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबी आणि पांढरा भात, एवढंच त्याचं पान. वाढपी त्याच्यापुढून न थांबता पुढे जातात.

आमच्याकडे नियम एकच होता, डब्यात जे आहे ते. परत आणलंस तर संध्याकाळी तेच गरम करून ताटात. दोन्ही मुलं कारल्यासकट सगळं खातात.

पडवळ_विरोधी

आजी, दिवसभर दप्तरात राहिलेलं संध्याकाळी गरम करून? खाल्लं ते कौतुकाचं, पण पोटानं सहन केलं ते जास्त कौतुकाचं.

सदाशिवपेठी_आजी

तेव्हा शाळा पाच मिनिटांवर होती, मुलं दुपारी घरी यायची. पण ठीक आहे, हा मुद्दा तुमचा.

बालवाडीची_ताई

अकरा वर्षं मुलांसोबत डबा खातेय, म्हणून लिहिते. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते. तो हट्टीपणा नव्हे, वाढीचाच भाग. ती जाते सवयीनं. एकच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही पुढे यावा लागतो. मूल आधी बघतं, मग वास घेतं, चाटून ठेवून देतं. बहुतेक घरांत तिसऱ्या वेळेलाच 'त्याला आवडत नाही' असा शिक्का बसतो.

वारज्याच्या आईंचं अर्धं पटतं. भरलेला डबा भाजीचाच असू नये. पण 'शाळेत शिकणं होत नाही' हे साफ चूक. अंगतपंगत बसते तिथेच तर होतं! घरी पडवळ पाहून तोंड फिरवणारी एक मुलगी आमच्याकडे मैत्रिणीच्या डब्यातली पडवळाची भाजी बोटानं पुसून खायची. आईला सांगितलं तर आईचा विश्वास बसेना. दुसऱ्याच्या डब्यातलं नेहमी गोड लागतं. तुम्ही भाजी डब्यातूनच काढून टाकलीत तर देवाणघेवाणीला उरतं काय?

वारज्याची_आई

ताई, तुमच्या वर्गात अंगतपंगत असेल. याच्या शाळेत बाकावर आपापलं खायचं, डबा वाटून घ्यायला मनाई. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल वर्गात आहे, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.

बालवाडीची_ताई

मग दाण्याची चटणी डब्यात नकोच हो. आधी बाईंना विचारा.

वारज्याची_आई

अरे देवा. हे डोक्यातच आलं नाही. उद्यापासून तिळाची देते.

बालवाडीची_ताई

तिळाचीही अ‍ॅलर्जी असते काहींना. विचाराच.

बाबा_डबा_भरतो

धागाभर 'आई' वाचून झालं, आता आम्ही बोलतो. माझ्या मते भांडण भाजीशी नाहीच, डबा भरण्याशी आहे. गरम भाजीवर वाफ असतानाच झाकण दाबलं की पाणी सुटतं, पोळी ओली होते, भाजी आंबूस लागते. ती मी तरी खाईन का? दहा मिनिटं ताटलीत पसरून निववा, मग भरा. रश्शाचं काही नको. काचऱ्या, पीठ पेरलेली सिमला मिरची, परतलेला फ्लॉवर. तेवढ्यानंही जमलं नाही तर दुधीचे थेपले, मेथीचे मुटके, पालकाच्या पुऱ्या.

सदाशिवपेठी_आजी

थेपल्यात दुधी लपवून घातला तर मुलाला दुधी कळला का? ते थेपला शिकलं. उद्या दुधीची भाजी पानात आली की पुन्हा रडारड.

बाबा_डबा_भरतो

पोटात गेला ना दुधी? मला तेवढ्याशी मतलब.

हिंजवडी_साडेसात

दोघांचीही कंपनीची बस साडेसातला. डब्यात केळं आणि बिस्किटाचा पुडा, आठवड्यातून दोनदा बेकरीतली खारी. मुलगी टुणटुणीत आहे. हे वाचून इथल्या लोकांना झोप येणार नाही, माहीत आहे.

पडवळ_विरोधी

झोप येईल, पण रोज पुडा म्हणजे जास्तच झालं. जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि आवारापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे. विकायला मनाई आणि आपण तेच घरून भरून पाठवायचं, गंमतच आहे. सीबीएसईनं 2025 मध्ये शाळांना साखरेचे फलक, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे, लावायला सांगितलं. आमच्या कन्येनं तो फलक वाचून आजीला विचारलं, तुझ्या रव्याच्या लाडवात किती चमचे? आजीचा दोन दिवस अबोला.

हिंजवडी_साडेसात

बरं, पुड्याऐवजी सुचवा. अट एक, सकाळी गॅस पेटवायचा नाही.

बाबा_डबा_भरतो

राजगिऱ्याचा लाडू. फुटाणे आणि गूळ. रविवारी भाजून ठेवलेला पातळ पोह्यांचा चिवडा. रात्रीच्या पोळीला तूप-मेतकूट. झालं की चार दिवसांचं.

हिंजवडी_साडेसात

मेतकूट पोळीला? भातावरच माहीत होतं. बघते.

वारज्याची_आई

ताईंचं वाचून थोडी डगमगले, कबूल. सक्ती करणार नाही आणि पोळीचा तूप-गूळ काढणार नाही, एवढं पक्कं. पण डब्याला एक छोटा कप्पा आहे, त्यात उद्या दोन चमचे भेंडी. आली परत तर मी खाईन, संध्याकाळी गरम करून त्याला वाढणार नाही. आजी, रागावू नका.

सदाशिवपेठी_आजी

रागावते कशाला. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चीर आणि परतताना एक आमसूल टाक. नाहीतर तार सुटते, आणि मग पंधरा वेळा काय, पन्नास वेळा दिलीस तरी कुणी खाणार नाही.