प्रति: सायक्लोपामिन आणि एकच डोळा

'सायक्लोपामिन दिलं की भ्रूणाला एकच डोळा येतो' हे वरच्या पोस्टमध्ये आलंय ते अर्धवट आहे. (सायक्लोपामिन म्हणजे व्हेराट्रम नावाच्या वनस्पतीतलं रसायन.) कधी दिलं, हा प्रश्न त्यात राहून गेलाय. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या ज्या मेंढ्यांमुळे हे प्रकरण उजेडात आलं, त्यांच्यातही गाभण मेंढीने साधारण चौदाव्या दिवशी ती व्हेराट्रम वनस्पती खाल्ली तरच एकाक्ष कोकरू जन्मायचं. त्या सुमाराला मेंदूचा पुढचा भाग आणि डोळ्यांचं क्षेत्र दुभागत असतं, आणि त्यासाठी सॉनिक हेजहॉग या प्रथिनाने पेशींना दिलेला संदेश लागतो. आणखी एक, हे रसायन हेजहॉग प्रथिनाला अडवत नाही. संदेश पाठवला जातो, पण घेणाऱ्या पेशीतल्या स्मूदन्ड या निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाला ते चिकटतं आणि निरोप पुढे सरकत नाही.

हा वेळेचा खेळ मी झेब्राफिश या छोट्या माशावर पाहिलाय. पाच तासांच्या भ्रूणांच्या पाण्यात सायक्लोपामिन घातलं, तर दुसऱ्या दिवशी शेपटीकडचे स्नायूंचे खंड नेहमीच्या टोकदार 'व्ही'ऐवजी गोलसर 'यू' आकाराचे दिसले. तेच चोविसाव्या तासाला घातलं तर खंड ठीकठाक, पण छातीजवळचे पर खुरटे. पहिल्या खेपेला मी तुलनेसाठी नुसतं इथेनॉल घातलेली तुकडी, म्हणजे कंट्रोल, ठेवायला विसरलो होतो (रसायन त्यातच विरघळवलं होतं), त्यामुळे अख्खी बॅच फुकट गेली. म्हणून कोणी फोटो दाखवला की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: कितव्या तासाला घातलं, आणि कंट्रोल कुठेय?